क्रौंचांच्या आवारात बोलायचं नाही

साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. पांढरे क्रौंच तेव्हा इतके थोडे उरले होते की, सगळेच्या सगळे एका तळ्यावर उतरले असते तरी तळं रिकामंच वाटलं असतं. त्याच वर्षी धाकटी क्रौंच संशोधन केंद्रात कामाला लागली. घरातलं शेंडेफळ, म्हणून सगळ्यांची धाकटी. प्राणिशास्त्राची पदवी नुकतीच पदरात पडलेली.

"पिल्लं सांभाळायला जातेस?" आई म्हणाली. "ताईचं बाळ घटकाभर सांभाळ म्हटलं तर पळ काढतेस!"

"ही पिल्लं रडत नाहीत गं."

"मग तू रडशील," आई म्हणाली आणि पोळीसारखं ते बोलणंही उलटून तिनं पुढचं काम हाती घेतलं.

क्रौंचाची मादी अंडी घालते दोन, पण जगतं बहुधा एकच पिल्लू. म्हणून केंद्रातली माणसं दलदलीतल्या घरट्यांमधून दुसरं अंडं अलगद उचलून आणत, उबवत आणि पिल्लू मोठं करून पुन्हा दलदलीत सोडत. ऐकायला सोपं. पण केंद्राच्या उंचपुऱ्या प्रमुख बाईंनी पहिल्याच दिवशी धाकटीला समोर बसवलं आणि तिच्या हाती एक पांढरा झगा दिला. डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा, तोंडावर जाळी. आणि एका हातात घालायला क्रौंचाचं लाकडी डोकं, लांब मान, उघडमीट करणारी चोच.

"पिल्लू ज्याला बघत वाढतं, त्याला आई समजतं," बाई म्हणाल्या. "तुझं तोंड दिसलं, आवाज ऐकला, तर मोठं झाल्यावर ते माणसांच्या दारात जाऊन उभं राहील. आणि दारात कुत्री असतात, बंदुका असतात. असं माणसाळलेलं पाखरू आपण सोडत नाही. जन्मभर पिंजरा. तेव्हा आवारात शब्द काढायचा नाही. शिंकसुद्धा नाही."

"आली तर, बाई?"

"गिळायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी झगा चढवून आवारात शिरली. तळ्यावर धुकं होतं. गवत कमरेएवढं, ओलं. झग्याची किनार भिजून पायांना चिकटत होती. आणि अचानक... गवतातून दुसरा झगा उभा राहिला. उंच, शांत. समोरासमोर दोन भुतं!

उंच म्हणजे बाईच, असं धाकटीनं ताडलं. नमस्कार तर करायला हवा. हात जोडता येत नव्हते, म्हणून तिनं हातातली लाकडी मान खाली झुकवली. समोरची मान क्षणभर थबकली. मग तीही झुकली, खूप खाली, अगदी अदबीनं. मग त्या चोचीनं गवताची एक काडी उचलून हवेत उडवली आणि ती नेमकी धाकटीच्या पायाशी पडली.

क्रौंच खेळतात ते असंच. काडी उडवायची, झेलायची, नाचायचं. पिल्लांना ते शिकवावं लागतं. धाकटीनं काडी उचलून परत उडवली. आजूबाजूची पिल्लं टुणकन उडी मारून धावली.

त्या पिल्लांत एक फेंगडं होतं. पायाचं बोट वाकडं, चार पावलं टाकली की धपकन पडायचं. पिल्लांना नावं द्यायची नाहीत असा नियम होता, जीव जडतो म्हणून. धाकटीनं मनातल्या मनात त्याला फेंगडं म्हणायला सुरुवात केली. मनावर बाईंचं राज्य नव्हतं. उंच झगा रोज सकाळी त्या वाकड्या बोटाला काडेपेटीच्या काडीचा आधार बांधी. मग पिल्लाला पाण्यात सोडी. पोहलं की पायात बळ येतं. पिल्लू घाबरून परत फिरे. झगा पाण्यात उभा राही, चोचीत अळी धरून, हलत नसे, चिडत नसे. पाणी गार असायचं. पण पिल्लू स्वतःहून पुढं येईपर्यंत ती चोच तसूभर ढळायची नाही.

धाकटी बघतच राही. इतकी माया, आणि तीही न बोलता!

दुपारी कँटीनमध्ये मात्र तिच्या नशिबी रेडिओ होता. रेडिओ म्हणजे केंद्राचा तरुण पशुवैद्य. त्याला डॉक्टर कुणीच म्हणत नसे. सकाळी चहाबरोबर सुरू व्हायचा तो संध्याकाळी फाटक बंद होईपर्यंत.

"काय म्हणतात आज तुमच्या बाई?" त्यानं तिच्यासमोर कप ठेवत विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय? बाईंकडून थोडं शिका. तासभर पाण्यात उभ्या होत्या. एक शब्द नाही. तुम्ही असतात तर पिल्लानं कान झाकले असते."

"पिल्लाला झाकण्याजोगे कान नसतात."

"तेवढंच त्याचं नशीब!"

कँटीनच्या काकू खळखळून हसल्या. रेडिओ मात्र कपात बघत राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"आणि... आणखी काय चांगलं आहे बाईंमध्ये?" त्यानं हळूच विचारलं.

"सगळंच. असं माणूस घरात असलं ना, तर घरात कधी भांडण व्हायचं नाही."

रेडिओला ठसका लागला.

धाकटीला कोण सांगणार? झगे चढवायच्या खोल्या वेगळ्या, आत जायची फाटकं वेगळी. बाईंना गुडघ्यांनी केव्हाच जेरीला आणलं होतं, त्या पाण्यात उतरतच नसत. आणि ज्याला ठाऊक होतं, त्यानं तोंड उघडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काहीतरी न बोलण्यात गोडी वाटत होती.

उन्हं तापू लागली, पिल्लं गुडघ्याएवढी झाली. फेंगडं आता पडत नव्हतं, नुसतं थोडं तिरकं चालायचं. एका सकाळी उंच झगा त्याला घेऊन पाण्यातून येत होता आणि धाकटी काठावरून त्याच्याकडंच पाहत होती... पायाखाली नव्हे. शेवाळावरून पाय सटकला. मागं खोल चिखल.

"अगं, सांभाळ!"

आवाज आवारभर घुमला.

धाकटीनं वेताचं झुडूप धरून तोल सावरला. पण तिचे कान अजून त्या आवाजातच होते. हा आवाज... रोज चहाबरोबर ऐकायची ती हा आवाज! बाई नव्हेत. कधीच नव्हत्या.

आणि मग तिनं पाहिलं. बाकीची पिल्लं गवतात पळाली होती. एकटं फेंगडं मान उंच करून त्या आवाजाच्या दिशेनं धावत निघालं होतं.

झगा क्षणभर दगडासारखा उभा राहिला. मग त्यानं पिल्लाकडं पाठ फिरवली आणि चालू लागला. मागून पिल्लू बारीक आवाजात शीळ घालत होतं. तो वळला नाही. धाकटीला वाटलं, इतकं अवघड चालणं तिनं कुणाचं पाहिलं नव्हतं.

तो तडक बाईंकडं गेला आणि स्वतःच सांगून मोकळा झाला.

"नियम तूच लिहिलास ना भिंतीवर?" बाई म्हणाल्या.

"हो, बाई."

"आणि 'अगं' कधीपासून?"

रेडिओनं लाकडी मान बाईंच्या टेबलावर ठेवली.

आवार त्याला बंद झालं. तो उबवणीच्या खोलीत बसू लागला. कँटीनमध्ये यायचा, चहा प्यायचा, जायचा. "रेडिओची बॅटरी उतरली," असं काकू म्हणाल्या, पण हसल्या नाहीत.

धाकटी आधी रागावली. तिनं बाईंचं म्हणून केलेलं सगळं कौतुक या गृहस्थानं बसून ऐकलं होतं, वर "आणखी काय?" म्हणून विचारलंही होतं! पण झगा चढवून तळ्यावर गेलं की राग टिकत नसे. तिथं तिला काडी उडवणारं कुणी नव्हतं. शेवटी ती उबवणीच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"लाज नाही वाटली?"

"वाटली ना. पण तुम्ही थांबतच नव्हतात." मग तो गंभीर झाला. "फेंगडं कसं आहे?"

ती चमकली. "फेंगडं? नाव कुणी ठेवलं?"

"मी. मनात."

तिला हसू आलं आणि रडूही. "ते बरं आहे. उडतं."

"उडेल, पण सोडतील का? माझ्या एका ओरडण्यानं ते जन्माचं पिंजऱ्यात गेलं तर मी इथं राहणार नाही. रोज त्या पिंजऱ्यासमोरून जायची माझी छाती नाही."

"आणि माझा पाय घसरला त्याचं काय?"

"तुमचा पाय घसरला... आणि माझी जीभ," तो म्हणाला. "पण पुन्हा घसरलात तर मी पुन्हा ओरडेन. तेच तर वाईट आहे."

दलदलीत पाखरं सोडायची वेळ आली तेव्हा बाईंनी फर्मान काढलं. फेंगड्याची परीक्षा होईल. झगा न घालता, उघड्या तोंडानं माणूस समोर उभा राहील आणि बोलेल. पाखरू पळालं तर मोकळं. जवळ आलं तर पिंजरा.

"परक्याला कुणीही भिईल," बाई म्हणाल्या. "ज्याचा आवाज त्याच्या कानात बसलाय, त्यानंच बोलायचं. आणि एका शब्दावर भागणार नाही. बोलत राहायचं. ते तुला जमतं."

सकाळ स्वच्छ होती. दूरवर रानातले क्रौंच चरत होते. अलीकडं केंद्राची तरुण पाखरं, त्यांच्यात झगा घातलेली धाकटी. बाई दुर्बीण घेऊन बांबूच्या आडोशामागं. रेडिओ उघड्यावर आला. नुसता सदरा, नुसता चेहरा.

"अगं, सांभाळ!" तो ओरडला.

फेंगड्यानं मान वर केली. एक पाऊल पुढं आलं. आणखी एक. धाकटी जाळीआड मनातल्या मनात विनवू लागली. नको रे बाळा... नको.

रेडिओनं डोळे मिटले. बोलायला हवं होतं, आणि जन्मात प्रथमच त्याला शब्द सुचत नव्हते. मग सुचले.

"मला काही तासभर पाण्यात उभं राहायची हौस नव्हती! पिल्लासाठी उभा राहायचो, खरं आहे. पण पहिल्या दिवशी तू मान झुकवलीस ना... त्यानंतर थोडा तुझ्यासाठीही उभा राहायचो. कुणीतरी बघतंय म्हणून. मी बडबड्या आहे. घरात भांडणं होतील. पण सगळी मीच हरेन. माझ्याशी लग्न करशील का?"

पंखांचा मोठा आवाज झाला. त्यानं डोळे उघडले. फेंगडं उडालं होतं! तिरकं धावत, पाणी उडवत, बाकीच्यांच्या मागं, रानातल्या थव्याकडं. एकदाही मागं न बघता.

गवतात एकच पांढरी आकृती उरली होती.

"सगळे पळाले," तो हलकेच म्हणाला. "तू का थांबलीस?"

पाखरं अजून डोक्यावर घिरट्या घालत होती. बोलायची सोय नव्हती, जाळी काढायची नव्हती. धाकटीनं लाकडी मान खाली झुकवली, खूप खाली. चोचीनं गवताची एक काडी उचलली आणि हवेत उडवली. ती नेमकी त्याच्या पायाशी पडली.

आडोशामागून खाकरल्याचा आवाज आला. परतताना बाई एवढंच म्हणाल्या, "परीक्षा पाखराची होती. तुम्ही दोघं कशाला बसलात?"

फेंगडं दोन वर्षांनी त्याच दलदलीत दिसलं, जोडीदारीण घेऊन. ते फेंगडं नव्हे, चांगला राजबिंडा क्रौंच झाला होता. चाल तेवढी तिरकी. माणूस दिसला की सगळ्यांत आधी तोच उडायचा. बाई निवृत्त झाल्या आणि गुडघ्यांना शिव्या देत शेवटपर्यंत दुर्बिणीला डोळा लावून बसल्या. आई जावयाला म्हणायची, "मुलीचं सोडा, तुम्ही बोलून दमत नाही का हो?" पण तो आला नाही की तिला घर सुनं वाटे. तळ्यावर आता थवे उतरतात; मोजणाऱ्याला मधेच चुकायला होतं, इतके.

पुढं म्हातारपणी घशाच्या शस्त्रक्रियेनंतर रेडिओचा आवाज गेला. डॉक्टर चुकचुकले, मुलं रडली. धाकटी रडली नाही. न बोलता त्याला ओळखायची सवय तिला इतरांच्या आधीपासून होती. आताही सकाळी दोघं अंगणात चहा घेत बसतात. तो कुंडीतली एक काडी मोडतो आणि उडवतो. ती बरोबर तिच्या कपात पडते.

"अहो, सांभाळा!" ती ओरडते. बोलायचं काम आता तिच्याकडं आहे.