पलंगावरची गळती

"पाऊस फक्त माझ्या पलंगावरच पडतो," असं म्हणून ती बाई दारातच उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

मावशीने हातातलं काम बाजूला ठेवलं. घरांच्या विम्याची पाहणी करण्यात तिची सारी नोकरी गेली होती. निवृत्त झाल्यावरही लोक तिच्याकडे आपल्या भिंती आणि छपरं घेऊन यायचे, आणि बहुतेक वेळा त्यांच्यामागची माणसंही. तिच्यासोबत भाचा असे. तो स्कूटर झकास चालवायचा, अंदाज मात्र हमखास चुकवायचा.

बाई पुस्तकांचं बाइंडिंग करायची. घराच्या मागच्या भिंतीला चिकटून पत्र्याची एक खोली होती, तिथे ती आणि तिचा नवरा मिळून काम करत. गेल्या वर्षी तो गेला. तेव्हापासून ती तिथेच काम करी आणि तिथेच झोपे. वरच्या मजल्यावर सासूबाई, दीर आणि धाकटी जाऊ. पत्रेवाला गळती बुजवून जायचा, पुढच्या पावसात पलंग पुन्हा ओला. आज संध्याकाळी भाऊ टेम्पो घेऊन न्यायला येणार होता.

"जायचं नाहीये मला," ती म्हणाली. "पण घरातलंच कोणी मला हुसकावत असेल, तर राहू कशी? नुसतं कोण ते सांगा."

दुपारपासून आभाळ भरून आलं होतं. वारा सुटला की खोलीचे पत्रे थरथरत. मावशी आणि भाचा बाईसोबत तिथे पोहोचले. खोली अरुंद होती. एका टोकाला पलंग, दुसऱ्या टोकाला टेबल आणि नवऱ्याचं जड लोखंडी दाबयंत्र. पलंग सरकवायला वीतभर जागा नव्हती. गादी पिळून निघेल इतकी ओली, टेबलावरचे कागद मात्र कोरडे ठणठणीत.

पत्रेवाला चेहरा पाडूनच आला. त्याने शिडी लावून दाखवलं. पत्रा जिथे भिंतीला भिडतो, तिथे वाकवलेली पट्टी असते, फ्लॅशिंग. तिची वरची कड भिंतीच्या खाचेत घालून वरून सीलंट भरतात. मग भिंतीवरून उतरणारं पाणी पट्टीवरून पत्र्यावर जातं, आत शिरत नाही. "आणि हे बघा," तो म्हणाला, "कोणीतरी सीलंट उकरून पट्टी पुढे ओढलीये. मागच्या खेपेला अख्ख्या पत्र्यांना रंगसुद्धा दिला होता हो मी."

मावशी शिडीवरून बराच वेळ बघत राहिली. नव्या रंगावर एक चरा नव्हता. वरच्या मजल्यावरच्या बोळाची खिडकी बरोबर टेबलाच्या डोक्यावर होती, आणि तिच्याखालचं सीलंट जसंच्या तसं होतं. उकरलेलं होतं ते लांब डावीकडे, पलंगाच्या वर. तिथे भिंतीवर वरून खाली आलेले ओरखडे आणि गोल गोल खळगे.

"शिडी दिराच्या पडवीत असते," भाचा कुजबुजला. "झालं, सुटलं कोडं."

"तू शिडी धर," मावशी म्हणाली.

दिराने काही लपवलं नाही. ती खोली पाडून त्याला गाडी ठेवायला जागा हवी होती, वर्षभर तो तेच म्हणत होता. धाकटीला खळीचा वास आणि दाबयंत्राचा दणका, दोन्हींनी डोकं दुखे. "ते यंत्र एकदाचं भंगारात जाऊ दे," ती म्हणाली, "मी साखर वाटीन." बोळातली खिडकी सगळ्यांच्याच येण्याजाण्याच्या वाटेवर होती.

सासूबाई आपल्या खोलीतून काठी टेकत आल्या. गुडघे धरलेले, जिना उतरणं कधीचं बंद. काठीच्या टोकाची रबरी टोपी निघाली होती, त्यामुळे लोखंड फरशीवर टकटक वाजत होतं. गळतीचं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "पुस्तकं भिजली नाहीत ना?" त्यांच्या खोलीत दुसरी खाट होती, धुतलेली चादर ताणून घातलेली. पाहुणे येणार का, असं भाच्याने विचारलं. त्या म्हणाल्या, नाही, सहज घातलीये.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. बाई गाठोडं उचलायला वळली.

"जरा थांबा," मावशी म्हणाली. सगळे बोळात जमले होते. "पत्र्यांवर कोणी चढलेलं नाही. चढलं असतं तर नवा रंग खरवडला असता. ओरखडे वरून आलेत, म्हणजे हे काम या खिडकीतून झालं. आता बघा, खिडकीखालची पट्टी सहज हाताला येते. तिला कोणी हात लावला नाही, कारण तिच्याखाली टेबल आणि यंत्र आहे. उलट इतकं लांब ताणून पलंगावरचीच पट्टी ओढली. ज्याला खोली रिकामी हवी तो कागद भिजवील. ज्याला यंत्र नको तो यंत्र भिजवील. इथे काम राखलंय, फक्त झोप मोडलीये."

भाच्याने खिडकीतून हात लांबवून बघितला.

"इतक्या लांब हात पोहोचत नाही, काठी पोहोचते. टोकाने उकरायचं, मुठीच्या आकड्याने ओढायचं. आजी, काठी बघू."

लोखंडी टोकाच्या पोकळीत करडं सीलंट अडकलेलं होतं.

सासूबाई खाली बघत राहिल्या. "ती खाली एकटी, मी वर एकटी," त्या म्हणाल्या. "रात्रभर तिची कूस बदलणं ऐकते मी. वर ये म्हटलं की म्हणते, इथेच बरंय. म्हटलं अंथरूण भिजलं तर येईल वर. माझ्या लेकाच्या यंत्राला थेंब लागू दिला नाही गं. पण तू भावाकडे जाशील, हे डोक्यातच आलं नाही."

"सरळ सांगायचं होतं ना, आई," बाई म्हणाली.

"सांगितलं असतं तर माझी शुश्रूषा करायला आली असतीस. मला तशी नको होतीस."

बाई जिना उतरून गेली. टेम्पोचं फळकूट आपटल्याचा आवाज आला. दीर खिडकीशी गेला आणि तिथेच थांबला. सासूबाईंनी मान वर केली नाही.

मग जिन्यावर पावलं वाजली. बाईच्या काखेत ओली उशी होती. ती तिने सासूबाईंच्या मांडीवर ठेवली.

"भाऊ जेवूनच जाईल," ती म्हणाली. "ही कुठे वाळत घालायची ते तुम्हीच बघा. भिजवलीत तुम्ही."

खाली पत्रेवाला पट्टी पुन्हा खाचेत बसवत होता. पहिले थेंब पत्र्यावर तडतडले.

"या खेपेला टिकेल ना?" भाच्याने वरून विचारलं.

"आधी काठी कुठाय ते सांगा," पत्रेवाला म्हणाला.