पस्तीस मिनिटं आधी

खोटं वाटलं तर वाटू दे. पण हे माझ्या मावसभावाच्या, पुष्करच्या घरात घडलंय, आणि मी ते त्याच्याच तोंडून ऐकलंय.

गेल्या फेब्रुवारीतला मंगळवार. सकाळचे अकरा. स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांवरचं कर्कवॉल एअरपोर्ट.

पुष्कर राहतो इंग्लंडात, मिल्टन कीन्सला. कामासाठी इथे विमान बदलून पुढच्या शेटलंड बेटांवर निघाला होता. पंच्याऐंशी मैल, पस्तीस मिनिटं. एवढा वेळ तर आपल्याला ऑफिस गाठायला लागतो.

त्यांच्या घरचा नेम आहे. उतरल्यावर "पोचलो" असा मेसेज करायचा. तो येईपर्यंत त्याची बायको शाल्मली घोटभर चहासुद्धा घेत नाही.

पुष्करला वाटलं, उगाच ताटकळत बसेल बिचारी. विमानात चढायच्या आधीच त्यानं मेसेज करून टाकला.

"पोचलो."

अहो, असला आगाऊपणा करतात का कधी!

तिकडे उतरला, तर ठरवलेली टॅक्सी नाही. फोन केला. ड्रायव्हर वैतागला.

"तुम्हाला सोडलं की हॉटेलवर!"

"कधी?"

"झाली पस्तीस मिनिटं."

हॉटेलात किल्ली आधीच दिलेली. खोलीत कुणी नाही. टेबलावर अर्धा कप चहा...

कोमट.

पुष्कर घाबरला? नाही. तेच तर! त्याला काहीच वाटलं नाही. त्यानं चहा बेसिनमध्ये ओतला, कप विसळला आणि लॅपटॉप उघडला. दोन दिवस बधिरासारखं काम केलं. शाल्मलीला अवाक्षर सांगितलं नाही.

गुरुवारी दुपारी लूटन एअरपोर्टला उतरला. या खेपेला मेसेज मुद्दाम केला नाही. टॅक्सीत बसून फोन चालू केला...

शाल्मलीचा मेसेज.

"कळवलंही नाहीस! दिया मांडीवरून उतरत नाहीये. इतका गप्प का आहेस?"

दिया त्याची पाच वर्षांची लेक. मराठी मोडकंतोडकं.

लूटन ते घर, पस्तीस मिनिटं.

त्यानं फोन लावला. वाजत राहिला. मग दियानं उचलला.

"बाबा, तू इथे आहे ना? मग फोन कशाला करते?"

"दिया, खाली उतर. आईकडे जा."

"बाबा सोडत नाही."

फोन कट.

घरी पोचला तर दोघी सुखरूप. शाल्मली ओट्याशी उभी. "अरे, आत्ता सोफ्यावर होतास. कोट घालून बाहेर कधी गेलास?"

सोफा रिकामा. शेजारी कप... कोमट.

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. तेव्हापासून बेल वाजली की दिया दारातल्या लेटरबॉक्सची झडप उचलून विचारते, "तू पहिला की दुसरा?"

"दुसरा," पुष्कर म्हणतो. रोज. निर्विकारपणे. मग शाल्मली दार उघडते.

परवा शाल्मलीचा मला फोन आला. आवाज अगदी दबका.

"ताई, आज तो लवकर आला. दियानं विचारलं. म्हणाला, 'पहिला.' मला वाटलं चेष्टा करतोय. दार उघडलं मी... आत जेवतोय. एक शब्द बोलत नाहीये."

 मी म्हटलं, "घाबरू नकोस. पस्तीस मिनिटं थांब. आपला पुष्कर येईलच."

ती थांबली. तास झाला. रात्र झाली.

दुसरी बेल अजून वाजलेली नाही.