राहिलेला गाल

मोबाइल खाली ठेवा. दिवा राहू द्या, पण जरा बारीक करा, डोळ्यांवर येतोय. आणि मध्येच "मग काय झालं, मग काय झालं" करायचं नाही, मला तोडलेलं खपत नाही. ही गोष्ट मखमलनं स्वतःच्या तोंडानं मला सांगितली, आणि तिचं शेवटचं टोक मी या डोळ्यांनी पाहिलंय.

मखमल म्हणजे आपल्या चौकातला न्हावी. हात इतका हलका, की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागायचं, म्हणून मखमल. खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागलं असतं. उतारवयात त्यानं दुकान मुलाच्या हवाली केलं आणि स्वतः फक्त अंथरुणाला खिळलेल्यांच्या दाढ्या करायला घरोघर जाऊ लागला.

सहा वर्षांपूर्वीचा डिसेंबर, दुसरा बुधवार. रात्रीचे पावणेदहा. मखमल जेवून आडवा होणार, तेवढ्यात बायको फोन हातात घेऊन आली.

"अहो, गोदामाजवळून फोन होता. कुणी आजारी आहे, सकाळी हलवायचंय म्हणे. त्याआधी दाढी करून हवीय."

"या वेळी?"

"मी तेच म्हटलं. तर म्हणाले, बरेच दिवस राहिलीय."

"तुझा आवाज ऐकूनही एवढं बोलला म्हणजे माणूस धीराचा आहे," मखमल म्हणाला, आणि त्यानं पेटी उचलली. बायको हसली.

ते स्टेशनामागचं जुनं गोदाम तुम्हाला माहीत आहे. मखमल तो रस्ता कायम टाळायचा. पाऊस असो, ऊन असो, लांबचा वळसा घालून जायचा. युद्ध झालं तेव्हा तो पंचविशीत होता, आणि शत्रूचे पकडलेले सैनिक पुढे न्यायच्या आधी त्याच गोदामात कोंडले होते. थंडीचे दिवस. पळू नयेत म्हणून बूट काढून घेतलेले, पांघरूण नाही. आणि आपले लोक संध्याकाळी पोराबाळांना घेऊन कुंपणाशी त्यांना बघायला जायचे! जत्रेला जावं तसे. शेंगा खात.

पहाऱ्यावरच्या हवालदारानं मखमलला बोलावलं. कैद्यांना उवा झालेल्या, सगळ्यांची डोकी-दाढ्या उतरवायच्या. एवढंच काम. हवालदारानं दुसरं काही करायला सांगितलं नव्हतं, हे मखमलनं मला तीनतीनदा सांगितलं. त्याला त्याचीच लाज जास्त होती.

पहिला कैदी त्याच्याच वयाचा. अंगात ताप. मखमलनं त्याचा उजवा गाल साफ केला आणि ब्रश बुडवायला वळला, तर कुंपणाबाहेरून कुणीतरी ओरडलं, "असाच राहू दे! झकास दिसतोय!" सगळे हसले. मखमललाही हसू आलं, हसत परत वळताना हातातला वस्तरा कैद्याच्या उजव्या कानाच्या पाळीला लागला. रक्ताचा थेंब आला. लोक आणखी हसले.

आता मखमलच्या बापाचा धंद्यातला एक दंडक होता. हाती घेतलेलं तोंड अर्धं टाकून उठायचं नाही. घराला आग लागली तरी हनुवटी पुरी करायची. आणि मखमल उठला! लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, हा चढला. टॉवेल झटकला आणि ओरडला, "पुढचा!"

कैद्याला भाषा येत नव्हती. त्यानं एक बोट उचललं आणि राहिलेल्या डाव्या गालावरून हळूच फिरवलं. हे राहिलंय, एवढंच.

मखमलनं लोकांकडे बघत हात उडवला. "उद्या, राजे, उद्या!"

कुंपणाबाहेर लोक पोट धरधरून हसले. पुढे महिनाभर चौकात मखमलला कुणी चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. आणि तो कैदी त्याच रात्री तापानं गेला. तसाच, अर्ध्या तोंडानं, पहारेकऱ्यांनी त्याला गोदामामागे पुरला.

तर त्या बुधवारी मखमल पेटी घेऊन तिथे पोचला. गोदामामागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत एक मेणबत्ती, दाराकडे पाठ करून खुर्चीत बसलेला माणूस, खांद्यावर टॉवेल. शेजारी गरम पाण्याची वाटी, वाफ निघत असलेली.

"घरचे कुणी नाहीत का?" मखमलनं विचारलं.

आजारी माणूस, बोलायचं त्राण नसेल. मखमलनं मागूनच हात घातला, ब्रश फिरवला, सवयीनं उजव्या गालावर बोटं ठेवली.

गाल गार होता. आणि गुळगुळीत.

"ही बाजू झालीय की..."

त्यानं बोटं डावीकडे नेली. दाढी. लांब, राठ. तिच्यात काहीतरी खरखरलं. त्यानं बोटं मेणबत्तीपाशी धरली.

माती.

मग त्यानं उजवा कान पाहिला. पाळीला बारीक चीर. ओली.

मखमलची पाचावर धारण बसली. खुर्चीतला माणूस वळला नाही. त्यानं फक्त एक बोट उचललं... आणि डाव्या गालावरून... हळूच...

दोन मिनिटांचं काम होतं, पोरांनो. मखमल मला म्हणाला, "जन्मभर मनातल्या मनात त्याची माफी मागत आलो, आणि ती त्यानं दारात आणून दिली. वस्तरा टेकवायचा, बस." त्यानं उघडलाही. गालाजवळ नेलाही.

तेवढ्यात बाहेर कुणीतरी हसलं.

मग दुसरं. मग पुष्कळ. कुंपणाच्या बाजूनं. आणि त्या सगळ्यांत मोठं हसणं त्याच्या ओळखीचं होतं. त्याचं स्वतःचं. पंचविशीतलं.

त्याचा हात थांबला. तोंड उघडलं. आणि त्यातून शब्द गेला...

"उद्या."

हसणं बंद.

मेणबत्ती विझली. मखमल पेटी टाकून पळाला.

सकाळी मुलाला घेऊन गेला. खोलीला कुलूप. गंजलेलं, किल्ली कुठे आहे तेही कुणाला ठाऊक नाही. पायरीवर पेटी ठेवलेली, वस्तरा पुसून, मिटून आत. त्यानंतर मखमल रोज अंधार पडल्यावर त्या पायरीवर जाऊन बसायचा. मी एकदा हटकलं, तेव्हा हे सगळं कळलं. "येऊ दे ना पुन्हा," म्हणायचा. "काय थोबाड घेऊन जाऊ मी वर?" रडायचा. पुन्हा कुणी आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यानं अंथरूण धरलं. हात उचलेना, वाचा गेली. एका पहाटे मुलगा मला बोलवायला आला. मखमल रात्रीतच गेला होता.

"शेवटी काही म्हणाले का रे?" मी विचारलं.

"बोलणार कसे, काका? पण रात्री एकदा हात उचलला त्यांनी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. गालावरून बोट फिरवलं. दाढी कर म्हणत असतील. मी दमलो होतो हो. म्हटलं, झोपा बाबा, उद्या करतो."

मी तोंडावरची चादर खाली केली.

आजारपणात कुणी त्याच्या तोंडाला वस्तरा लावला नव्हता. डाव्या गालावर पांढरी दाढी बोटभर वाढलेली. उजवा गाल गुळगुळीत. आणि कानाच्या पाळीला बारीक चीर होती. मी रुमालानं पुसली.

पुन्हा ओली झाली.