लिव्हर मागे?

हे सगळं मला जसं आठवतंय तसंच घडलं होतं का, याची हमी मी देऊ शकत नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तुम्ही मला पकडायला नको. जन्मभर ॲडलेडला विद्यापीठात धातुशास्त्र शिकवलं, पुराव्यावाचून बोलू नका असं पोरांना बजावत आलो, आणि आता स्वतःच्याच आठवणीचा पुरावा द्यायची वेळ आली की माझी त्रेधा उडते. साधी गोष्ट घ्या. त्या रात्री धुकं होतं की चांदणं? माझा मित्र आयव्हर मरेपर्यंत धुकं म्हणत राहिला. मला मात्र धान्याच्या कोठाराची काळी सावली रस्त्यावर आडवी पडलेली स्पष्ट दिसते. दोघांतला एक जण चुकतोय. तो मीच असणार, असं मला नेहमी वाटतं.

"प्रोफेसर," रीस म्हणाला, "तिने तुम्हाला फक्त डाग कसला एवढंच विचारलं होतं."

तेही खरंच. टेगन संध्याकाळपासून गाडीच्या स्टिअरिंगवरचं पितळी लिव्हर घासत होती. उद्या सकाळी ही दोन पोरं आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबची टॅलबॉट सुरू करणार. एकोणीसशे चौदाची गाडी, इंजिन पुन्हा एकदा सगळं खोलून नव्याने बांधलेलं. लिव्हर आरशासारखं लखलखत होतं, पण टोकापाशी निळसर डाग होता तो होताच.

"पॉलिश संपलं, माझा हात संपला, पण डाग जात नाही," टेगन म्हणाली. "कोणी लावून ठेवलाय हा?"

"शेगडीत लाकूड टाक," मी म्हणालो. "आणि उद्या हँडल कोण मारणार, ते सांग."

"मी," रीस म्हणाला. "ही आत बसेल. माझ्याएवढे दंड कुठे आहेत तिला?"

"दंड असून काय उपयोग? डोकं आत बसणाऱ्याला लागतं," टेगन म्हणाली.

दोघांचंही खरं होतं. ठिणगी केव्हा पडायची हे त्या लिव्हरवर ठरतं. ते मागे असलं तर ठिणगी उशिरा पडते आणि इंजिन शहाण्यासारखं सुटतं. पुढे असलं तर ठिणगी वेळेआधी पडते, हँडल उलटं फिरतं आणि फिरवणाऱ्याचं मनगट मोडतं. आता, हँडल मारणारा, म्हणजे ते फिरवून इंजिन सुरू करणारा, गाडीसमोर वाकलेला. त्याला लिव्हर दिसत नाही. म्हणून तो ओरडून विचारतो, "मागे?" आणि आत बसलेला बघून सांगतो, "मागे." त्या एका शब्दावर हात पणाला लावायचा असतो. आमच्याकडे म्हणतात, ज्याच्या 'मागे'वर हँडल मारता येतं त्याच्याशीच भागीदारी करावी.

आयव्हर नॅनकिव्हल आणि लिंडसे ट्रेगेन्झा यांची भागीदारी अशीच होती. दोघंही आमच्या गावच्या, पीटरबरोच्या, रेल्वे कारखान्यातले. कारखाना बंद पडल्यावर दोघांनी एका शेतातल्या कोंबड्यांच्या खुराड्यातून ही टॅलबॉट ओढून आणली. आयव्हर आडदांड, बोलका. लिंडसे काटकुळा, अविवाहित, दिवसाला दहा वाक्यं बोलला तर खूप. पण बेअरिंग बसवावं तर त्याने. पांढऱ्या धातूच्या बेअरिंगला निळा रंग लावायचा, दांडा फिरवून बघायचा, जिथे निळं उमटेल तेवढंच खरवडायचं, पुन्हा रंग, पुन्हा फिरवणं. महिनोन्‌महिने. तो निळा एकदा कातडीत मुरला की सहजी निघत नाही. लिंडसेचा उजवा अंगठा कायम निळा असायचा. चर्चमध्ये प्रार्थनेला हात जोडले तरी तो अंगठा आधी दिसायचा.

बारा वर्षं चाललं ते. गावाने कमी टर उडवली नाही. "काय आयव्हर, गाडी कधी निघणार? येशू परत येईल त्या दिवशी?" पबमध्ये हे रोजचं. लिंडसे हसायचा. आयव्हरला लागायचं.

दोघांचा एकच करार होता. इंजिन पहिल्यांदा सुरू होईल तेव्हा आयव्हर हँडलवर आणि लिंडसे आत. मी साक्षीला होतो. लिंडसे म्हणाला होता, "पहिला आवाज मला ऐकायचाय. पुढे तू गाडी दरीत घाल, मी विचारणार नाही."

आणि इंजिनाचं झाकण बसवायला चार बोल्ट राहिले असताना लिंडसेला हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. फुफ्फुस. डॉक्टर म्हणाले, महिने असतील, आठवडे असतील.

"मी घरी येईपर्यंत सुरू करू नकोस," लिंडसे म्हणाला.

"वेडा आहेस का?" आयव्हर म्हणाला. "तुझ्याशिवाय?"

दर रविवारी मी माझ्या गाडीतून आयव्हरला भेटीला न्यायचो. आयव्हर सांगायचा, गॅस्केट अजून आलं नाही. लिंडसे मान हलवायचा.

मे महिन्यातला एक रविवार मला नीट आठवतो. निदान तसं वाटतं. लिंडसेने आयव्हरला जवळ बोलावलं, उशी सारखी करायला. आयव्हर वाकला. लिंडसेने त्याच्या स्वेटरचा वास घेतला. एकदा. पुन्हा एकदा.

"कसला वास रे?"

"शेजाऱ्याने धसकटं जाळली शेतातली," आयव्हर म्हणाला. "धूरच धूर."

लिंडसेने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"आयव्हर, सुरू करशील तेव्हा आत कोण बसेल?"

"तू. आणखी कोण?"

"हं," लिंडसे म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. नंतर आम्ही गेलो की तो भिंतीकडेच तोंड करून असायचा. मला वाटलं, दुखणं वाढलंय. मला तो वास धसकटांचाच वाटला होता. धातुशास्त्र शिकवणं वेगळं आणि नव्या इंजिनाचा पहिला धूर ओळखणं वेगळं. एक्झॉस्टवरचा ताजा रंग जळतो, आतलं तेल जळतं. तो वास पहिल्या काही दिवसांतच येतो, नवं इंजिन सुरू करताना. पन्नास वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाला तो चुकणार नव्हता.

"म्हणजे त्याने गुपचूप सुरू केली?" टेगनने विचारलं.

केली. जूनमध्ये राणीच्या वाढदिवसाची सुट्टी, सोमवारी गावात जुन्या गाड्यांची मिरवणूक. आयव्हरला सगळ्या गावासमोरून गाडी न्यायची होती. एकदाच. पण नवं बांधलेलं इंजिन असं थेट मिरवणुकीत नेता येत नाही. त्याला आधी रस्त्यावर रुळवावं लागतं. चढावर थोडा भार द्यायचा, उतारावर सोडायचं, तापलं की थांबायचं, निवलं की पुढे. ते एकट्याने, अंधार पडल्यावर करायचं त्याने ठरवलं. लिव्हर स्वतःच मागे ओढायचं, मग पुढे येऊन हँडल मारायचं. आणि लिंडसे घरी आला की त्याच्यासमोर पहिल्यांदाच सुरू करतोय असं नाटक करायचं.

"त्याला कळणार कुठे होतं?" असं आयव्हर मला नंतर म्हणाला. त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास नव्हता.

आता त्या रात्रीचं. दोन हजार नऊ, जूनचा सहा तारखेचा शनिवार. मिरवणुकीच्या चहासाठी शेजारच्या योंगाला गावच्या सभागृहातलं मोठं पिंप आणायचं होतं. आयव्हर आपणहून म्हणाला, मी आणतो. मनात हिशेब असा की पिंपही येईल आणि इंजिनही रुळेल. अंधार पडायच्या बेताला तो निघाला. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला, तो तिथेच राहिला. गाडीच्या मागे पाटी होती: 'इंजिन नवं आहे, पुढे जा.' ही पाटी लिंडसेने आधीच रंगवून ठेवली होती.

जाताना गाडी सुरेख चालली. पिंप मिळालं. शेजारच्या सीटवर ते उभं करून त्याने पट्ट्याने बांधलं. परत फिरला. अर्ध्या वाटेवर मालगाड्यांचा बंद पडलेला बाजूचा रूळ आहे, धान्याच्या कोठारांपाशी. तिथे इंजिन जरा तापल्यासारखं वाटलं, म्हणून त्याने थांबवलं. बंद केलं. निवू दिलं. गवतावर दव गोठायला लागलं होतं. तो खाली उतरला, पाय झटकले, एक सिगरेट ओढली.

"लिव्हर मागे घेतलं होतं त्याने?" रीस म्हणाला.

तो म्हणायचा, घेतलं होतं. उतरताना. शपथेवर.

मग तो पुढे गेला. वाकला. हँडल बसवलं. पकड घेतली.

आणि बारा वर्षांची सवय... इंजिन सुरू न करता तालीम दोघांनी शंभर वेळा केली होती. तोंडातून आपोआप निघालं.

"मागे?"

...

"मागे."

आवाज गाडीतून आला. हळू. थोडा कंटाळलेला. लिंडसेचा असायचा तसाच.

आयव्हर घाबरला नाही. हे ध्यानात घ्या. घाबरायला वेळच नव्हता. तो शब्द ऐकला की हात फिरायचा. फिरला.

मग कळलं. हँडल निम्म्यावर असताना कळलं. आत तर कोणी...

इंजिनाने लाथ मारली.

हाड मोडल्याचा आवाज त्याने ऐकला. मग तो गारठलेल्या खडीवर पडला. वर बघायची हिंमत नव्हती. गाडीचे दिवे त्याच्या अंगावर. दिव्यांच्या मागे काळोख. काळोखात सीट.

सीटचं चामडं करकरलं.

एकदा.

मग काही नाही.

तिकडे हॉस्पिटलमधून आयव्हरच्या घरी फोन जात होते. उचलायला कोणी नाही. शेवटी नर्सने मला फोन केला. लिंडसे साडेपाचच्या सुमारास गेला होता. जवळ कोणी नव्हतं. मी आयव्हरच्या घरी गेलो. शेडचं दार सताड उघडं. टॅलबॉट नाही. आणि आत वास... तोच वास, स्वेटरचा. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पिंपाचं मला माहीत होतं, म्हणून योंगालाच्या रस्त्याला लागलो.

कोठारांपाशी आयव्हर सापडला. चाकाला टेकून बसलेला. मनगट भलत्याच दिशेला. दात वाजत होते. मी विचार करत होतो की हे आता याला कसं सांगायचं. माझं तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला,

"लिंडसे खोटं बोलला."

"काय?"

"बारा वर्षांत एकदाही नाही. आज मला खोटं 'मागे' सांगितलं त्याने." आणि तो आडदांड माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला. "माझ्याशी असं कसं वागला तो? माझ्याशी?"

  मी अजून त्याला बातमी सांगितलीच नव्हती.

गाडीचे दिवे विझवायला म्हणून मी आत डोकावलो. पिंप पट्ट्यात बांधलेलं, जागच्या जागी. स्टिअरिंगमागची सीट रिकामी. लिव्हर पार पुढे ढकललेलं. आणि त्याच्या टोकावर निळा अंगठा उमटलेला. ओला. मी बोट लावलं तर माझ्या बोटाला लागला.

"आयव्हरचा असेल," रीस म्हणाला. आवाज मात्र बारीक झाला होता.

मलाही तसंच वाटावं अशी माझी फार इच्छा होती. पण आयव्हरने निळ्याला कधी हात लावला नव्हता. डबा लिंडसेच्या कपाटात, किल्ली लिंडसेच्या खिशात, खिसा हॉस्पिटलमध्ये. तरी मी स्वतःला समजावलं. जुना डाग असेल, दवाने ओला झाला असेल. मी काय पाहिलं याबद्दल मी न्यायालयात साक्ष देणार नाही.

आयव्हर सोमवारी मिरवणुकीला गेला नाही. पबमध्येही पुन्हा कधी गेला नाही. मनगट वाकडंच बसलं. गाडी शेडमध्ये झाकून ठेवली, ती तो गेल्यावर क्लबकडे आली. एकदाच मला म्हणाला, "प्रोफेसर, तो चिडला असता तर मी समजलो असतो. पण तो चिडलेला नव्हता. रोजच्यासारखा बोलला."

टेगनने लिव्हरवरचा हात कधीच काढून घेतला होता.

"मग संपलं?" तिने विचारलं.

माझ्यापुरतं संपलंच होतं. मी जवळजवळ पटवून घेतलं होतं की थंडी, म्हातारपण, अपराधाची टोचणी, बाकी काही नाही. मग तीन वर्षांपूर्वी चर्चच्या जेवणात माझ्या शेजारी ब्रॉनविन बसली. निवृत्त नर्स. आम्ही चादरींच्या डागांवर बोलत होतो. कसं निघालं कोण जाणे. तिला लिव्हरचं काही माहीत नव्हतं. मी किंवा आयव्हरने ते कोणालाच सांगितलं नव्हतं.

ती म्हणाली, "सगळ्यात हट्टी डाग तुमच्या त्या मित्राचा, ट्रेगेन्झाचा. महिनाभर आम्ही त्याला घासून आंघोळ घालत होतो. हात दुधासारखे झाले होते. गेला त्या संध्याकाळी मीच त्याला पुसलं, नखं कापली, हात छातीवर ठेवले, चादर ओढली आणि दार लावून घेतलं. रात्री त्याला न्यायला माणसं आली, तेव्हा चादर काढली. उजवा अंगठा निळा. ओला निळा. चादरीला लागलेला. मला वाटलं, कोणी शाई सांडली. पण खोलीत कोणी गेलंच नव्हतं."

तिने बशीतल्या खिम्याच्या पेस्टीचा तुकडा मोडला.

"ती चादर आम्ही चार वेळा उकळली," ती म्हणाली. "शेवटी टाकून दिली."