दोन मात्रा आधी

निघोजे गावातल्या टपरीवर निशिगंधा चहाचा ग्लास तोंडाला लावणार, तोच समोरच्या मंगल कार्यालयातून यमनाचे सूर आले आणि चहा तिच्या ओढणीवर सांडला. दिग्विजय! हा आवाज तिने कुठेही ओळखला असता... पण चाकणच्या कंपनीत बदली होऊन चौथ्याच दिवशी? नशीब म्हणतात ते हेच, दुसरं काय!

तिला पळून जायचं होतं. पाय मात्र सरळ आत गेले.

आत सराव चालला होता. तीसेक वादक, कुणी कुणी तर कंपनीच्या गणवेशातच, आणि समोर तो. गात होता, आणि हातांनी अख्खा वाद्यवृंद चालवत होता. ताथवड्याच्या कॉलेजात होता, तसाच! तेव्हा रंगात आला की त्याचे डोळे मिटायचे, हात थांबायचे. मग सगळे निशिगंधाकडे बघायचे. ती मात्रा मोजायची, समेवर व्हायोलिनवर गज फिरवायची आणि तिच्यासोबत सगळी वाद्यं एकदम उठायची. डोळे मिटून तो गाणं तिच्या स्वाधीन करायचा, आणि त्या भरवशाचं तिला भारी सुख वाटायचं.

शेवटच्या कार्यक्रमात तिने गज फिरवला तो दोन मात्रा आधी. बारा व्हायोलिनं तिच्यामागून घुसली. तबला एकीकडे, गाणं एकीकडे! भर सभागृहात फजिती झाली. लाजेने ती कुणालाही न सांगता कोइमतूरची नोकरी धरून निघून गेली, ती सहा वर्षांनी आज उगवली होती.

“आलीस व्हय गं बाय!” कॉलेजच्या दिवसांपासून साथीला असलेले बासरीवाले सोनबाकाका ओरडले. हे मंगल कार्यालय त्यांचंच. “तू गेल्यापास्नं ह्यो डोळं मिटत न्हाई बग. टकाटका आमच्याकडं बघत गातो. गान्यात राम न्हाई ऱ्हायला!”

“काका, पुरे,” दिग्विजय म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. सगळ्यांना चहाला पिटाळून तो तिच्यापाशी आला.

“ओढणीवर चहा सांडलाय.”

“तुझ्यामुळे.”

“आल्या आल्या भांडण?” तो हसला. “निशी... न सांगता गेलीस. एका चुकीपायी?”

“ती साधी चूक नव्हती.” ती ओढणीवरचा डाग पुसत म्हणाली. “त्या दिवशी मी मोजतच नव्हते रे. तू डोळे मिटलेस आणि मी... तुझ्याकडे बघत राहिले. मनसोक्त बघायला तेवढाच वेळ मिळायचा मला.”

“अगं वेडे! मला वाटलं, मी डोळे मिटल्यामुळे चारचौघांत तुझी शोभा झाली, म्हणून तुला माझं तोंडही बघायचं नाही.”

“आणि... लग्नबिग्न?”

“कुणाशी करणार? डोळे मिटायची सोय कुठे होती?”

ती हसली, आणि हसता हसता रडलीही.

वादक परत आले. सोनबाकाकांनी जादाचं व्हायोलिन तिच्या हातात ठेवलं. सहा वर्षं तिने गजाला हात लावला नव्हता. यमन सुरू झाला. दिग्विजयने एकदाच तिच्याकडे पाहिलं – आणि डोळे मिटले.

तीस जणांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. तिला त्याच्याकडे बघायचं होतं, फार बघायचं होतं. पण तिने मान खाली घातली आणि मोजू लागली. तेरा... चौदा... पंधरा... हात शिवशिवला, तिने तो आवरला. बघायला आता उभा जन्म होता.

सोळा... आणि तिने गज फिरवला.