मुक्या मुलाखती

"माझ्या मुलीची पदवी काढून घेणार आहेत," बाई म्हणाल्या. "सोमवारी."

कुणाच्या तरी बाह्यांचं माप सांगावं, तशा आवाजात त्यांनी हे सांगितलं. त्या शिवणकाम करत. पदराच्या काठाला अजून एक टाचणी लावलेली होती आणि ती काढायचं त्यांना सुचलेलं दिसत नव्हतं.

सर्व्हेयरने खुर्ची पुढे ओढली. हा माणूस उभी नोकरी विमा कंपनीसाठी जळालेली गोदामं आणि ठोकलेल्या गाड्या तपासत हिंडला. निवृत्तीनंतर लोक खासगी भानगडी घेऊन येऊ लागले, पण नाव मात्र 'सर्व्हेयर' हेच चिकटलं. खिडकीपाशी त्याचे व्याही बसले होते, म्हणजे लेकीचे सासरे. पेन्शनर, बडबडे, आणि प्रत्येक प्रकरणात पहिल्या पाच मिनिटांत गुन्हेगार ओळखणारे. आजवर एकदाही बरोबर ओळखला नव्हता. उत्साह मात्र कायम.

"मुलगी स्वतः काय म्हणते?" व्याहींनी विचारलं.

"ती नाहीये. दीड वर्ष झालं. ट्रकने उडवलं."

व्याहींनी चष्मा काढून उगाच पुसला.

पुढची हकिकत सर्व्हेयरने एकेक प्रश्न विचारून काढून घेतली. मुलीने पीएचडी केली होती. पक्षाघाताने वाचा गेलेल्या माणसांना शब्द पुन्हा कसे येतात, हा विषय. घरोघरी जाऊन तिने रुग्णांचं बोलणं रेकॉर्ड केलं. प्रबंध आणि त्यासोबत सगळ्या रेकॉर्डिंगच्या फाइली विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात जमा झाल्या. रुग्णांची माहिती खासगी, म्हणून फाइलींना दोन वर्षं कुलूप. पदवी मिळाली, आणि काही महिन्यांत अपघात झाला. गेल्या महिन्यात मुदत संपून कुलूप उघडलं, तर सगळ्या फाइली जागच्या जागी, पण मुक्या. एकीतही आवाज नाही.

"ते म्हणतात, तिने मुलाखती घेतल्याच नाहीत. कोऱ्या फाइली भरल्या," बाई म्हणाल्या.

"रुग्णांना विचारा की!" व्याही म्हणाले.

"नावं नियमाप्रमाणे पुसून टाकलीत. कुणाला विचारणार?"

"आणि तिचा लॅपटॉप?"

"तिच्याबरोबर होता. फोनही."

बाई उठल्या. "खरं काय ते शोधा. जे निघेल ते मला आधी सांगा. कसंही असलं तरी."

*

मार्गदर्शक प्राध्यापकांच्या खोलीत कुंड्या छान ठेवलेल्या होत्या. ते लवकरच विभागप्रमुख होणार होते, आणि ही गोष्ट त्यांनी दोनदा बोलण्यात आणली.

"दुर्दैवी प्रकार आहे," ते म्हणाले. "पण मी एकही फाइल ऐकलेली नाही. लेखी उतारे वाचले आणि सही केली. तोंडी परीक्षेतही उतारेच होते."

"मुलगी कशी होती?"

"शांत. फार शांत. रुग्ण अडखळला तरी ही शब्द पुरवायची नाही. 'होऊ द्या सावकाश, मला कुठे जायचंय,' म्हणायची आणि थांबायची. असं थांबणं कठीण असतं हो." त्यांनी कुंडीतलं एक वाळकं पान खुडलं. "पण माणसाच्या मनात काय असतं, कोण सांगणार?"

"तुम्ही तिच्यासोबत रुग्णांकडे गेला होतात?"

"कधीच नाही. तिने एकटीनेच जायचं, अशी परवानगीची अट होती."

बाहेर आल्याबरोबर व्याहींनी निकाल दिला. "याचा काही हात नाही. बिचाऱ्याला मनापासून वाईट वाटतंय."

"वाटतंय खरं," सर्व्हेयर म्हणाला.

*

डिजिटल संग्रह ग्रंथालयाच्या तळघरात होता. तिथले अधिकारी प्रबंधांना मुदतीची कुलुपं लावत, म्हणून सारं विद्यापीठ त्यांना कुलूपकाका म्हणे. माणूस कामाला चोख आणि त्याचा अभिमान बाळगणारा.

"माझ्याकडून फाइल बदलली असेल, असं म्हणायचंय का तुम्हाला?" त्यांनी आधीच फणा काढला.

"तसं नाही. फाइल आली की तुम्ही काय करता, तेवढं सांगा."

कुलूपकाका खुलले. "लोक वाट्टेल त्या प्रकारात फाइली आणून देतात. उद्या ते प्रकार उघडतील की नाही, याचा काय भरवसा? म्हणून सगळ्या एकाच टिकाऊ प्रकारात करतो. आवाजाच्या दोन पट्ट्या असतात, डावी-उजवी. माणसाच्या बोलण्याला दोन कशाला? दोन्ही मिसळून एक करतो. निम्मी जागा वाचते. मग मूळ फाइल काढून टाकतो आणि नव्या फाइलीचा ठसा घेतो."

"ठसा?"

"फाइलीतल्या मजकुरावरून यंत्र एक लांबलचक आकडा काढतं. मजकुरात कणभर फरक पडला तरी आकडा बदलतो. ठरावीक दिवसांनी यंत्र सगळे ठसे पुन्हा ताडून बघतं. तिच्या सगळ्या फाइलींचे ठसे पहिल्यापासून जसेच्या तसे आहेत. कुणी बोटही लावलेलं नाही."

"कुणी ऐकून बघितल्या?"

"कुलूप असताना? छे! नियमच नाही."

त्यांनी एक फाइल लावली. पडद्यावर काटा सरकत होता. स्पीकरमधून काही म्हणजे काही येत नव्हतं. प्रत्येक मुलाखतीची लांबी मात्र प्रबंधातल्या तक्त्याशी सेकंदासकट जुळत होती. प्रबंधाच्या शेवटी छापलेले उतारे सर्व्हेयरने तिथेच बसून वाचले. त्यात रुग्णांचे शब्द होते, अडखळणं होतं, विराम होते. मुलीचं बोलणं गाळलेलं होतं.

"जमा करण्याआधीच कोऱ्या होत्या, दुसरं काय," जिना चढताना व्याही कष्टी आवाजात म्हणाले. "बाईंना कसं सांगणार हो आपण?"

*

तक्रार ज्याच्या पत्रावरून उभी राहिली तो मुलीचा मित्र, तिच्याच विभागातला. तो कॅन्टीनमध्ये भेटला. समोरचा चहा त्याने गार होऊ दिला होता.

"मी तक्रार केलीच नव्हती," तो म्हणाला. "मला तिचा डेटा पुढच्या कामासाठी हवा होता. फाइलींतून आवाज येत नाही, दुसरी प्रत द्या, एवढंच लिहिलं. त्यावरून त्यांनी चौकशीच लावली."

"तुम्हाला हवा तो डेटा काढून घेऊन मागे कोऱ्या फाइली ठेवणं सोपं होतं," व्याही डोळे बारीक करून म्हणाले.

"काढून घेतला असता, तर पत्र कशाला लिहिलं असतं, काका?"

व्याहींनी चहाचा घोट घेतला.

"कधी काही ऐकलं होतंत?" सर्व्हेयरने विचारलं.

"एकदा. इथेच. हेडफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. एक आजोबा 'खिडकी' हा शब्द शोधत होते. त्यांना तो सापडला तेव्हा आम्ही दोघं टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. मग म्हटलं, सगळ्यांना ऐकव. तिने हेडफोन काढून फोन टेबलावर ठेवला, तर आवाजच येईना. आवाज पूर्ण वाढवला, तरी नाही. हेडफोन लावले की परत ठीक. तिच्या फोनच्या नावाने खूप हसलो. हे मी चौकशी समितीला सांगितलं. ते म्हणाले, मित्राची साक्ष धरता येत नाही."

सर्व्हेयरने फोन कसा ठेवला होता, हेडफोन कुठले होते, सगळं पुन्हा एकदा विचारलं. व्याहींना त्यात काही राम वाटला नाही.

*

बाईंच्या घरी शिलाई मशीनशेजारच्या कपाटात मुलीच्या वस्तू होत्या. त्यात एक जाडजूड, स्टेजवर वापरतात तसला माइक निघाला.

"तिच्या बाबांचा. ते कार्यक्रमांना साउंड लावायचे," बाई म्हणाल्या. "तिचं रेकॉर्डर एवढंसं, विभागाकडून आणलेलं. त्याला हा बसेना. मग दुरुस्तीवाल्याकडून तिने ही वायर जोडून घेतली. म्हणायची, बाबांचा माइक आहे, यातच रेकॉर्ड करणार."

वायरीच्या एका टोकाला तीन पिना होत्या, दुसऱ्या टोकाला हेडफोनसारखी बारीक पिन.

"हे दोन दिवस मला द्याल?"

"न्या," बाई म्हणाल्या आणि पुन्हा मशीनवर बसल्या. सुईत दोरा नव्हता. तरी त्या पाय मारत होत्या.

*

सोमवारी समितीच्या लांब टेबलाभोवती सगळे जमले. अध्यक्षबाईंनी घड्याळ बघितलं. बाई टोकाच्या खुर्चीवर मांडीवर हात ठेवून बसल्या. काय निघालं, ते सर्व्हेयरने त्यांना आदल्या रात्रीच सांगितलं होतं.

"फाइली कुणी बदलल्या, हाच प्रश्न सगळे विचारतायत," सर्व्हेयरने सुरुवात केली. "कुणीच नाही. ठसे सांगतात, आत आल्यावर कुणी हात लावला नाही. पण ठसा कधी घेतला जातो? फाइलीचं रूप बदलल्यानंतर. म्हणजे आवाज आधीच गेला असेल, तर यंत्र दोन वर्षं त्या गेलेल्या आवाजाचीच राखण करत होतं आणि सगळं ठीक म्हणत होतं."

कुलूपकाका ताठ झाले. "आमच्याकडे हजारो फाइली अशाच बदलल्या. एकही मुकी झाली नाही!"

"कारण त्या दुसऱ्या माइकच्या होत्या." त्याने माइक आणि वायर टेबलावर ठेवली. "स्टेजचा माइक एकच आवाज दोन तारांतून पाठवतो. एकीत सरळ, दुसरीत बरोबर उलटा. मोठ्या यंत्राला ते कळतं. पण या वायरीने सरळ आवाज रेकॉर्डरच्या डाव्या पट्टीत गेला आणि उलटा उजव्या पट्टीत. हेडफोनवर प्रत्येक कानाला आपली पट्टी मिळते, म्हणून नीट ऐकू येतं. टेबलावरच्या फोनला स्पीकर एकच. तो दोन्ही पट्ट्या मिसळतो. एका दाराला दोघांनी दोन बाजूंनी सारखाच जोर लावला, तर दार हलत नाही. तसं होतं. कॅन्टीनमध्ये तेच झालं. आणि तुमच्या तळघरातही तेच."

"दाखवा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

दोन दिवसांपूर्वी व्याहींनी याच माइकवर, याच वायरीने तसल्याच एका रेकॉर्डरवर आपल्या नातीसाठी बडबडगीत म्हणून रेकॉर्ड केलं होतं. ते हेडफोनवर अध्यक्षबाईंना ऐकू आलं. मग कुलूपकाकांनी स्वतःच्या हाताने ती फाइल नेहमीप्रमाणे बदलली आणि स्पीकरवर लावली. काटा सरकत राहिला. आवाज नाही.

कुलूपकाका हळूच खाली बसले. "मूळ फाइली मी काढून टाकल्या," ते म्हणाले. "माझ्याच हाताने."

"पण हे घडू शकतं, एवढंच सिद्ध झालं," मार्गदर्शक म्हणाले. "तिने रेकॉर्ड केलंच होतं, हे नाही."

"ते तुम्ही सिद्ध केलंत, सर. 'होऊ द्या सावकाश, मला कुठे जायचंय.' तुम्ही रुग्णांकडे कधी गेला नाहीत. उताऱ्यांत तिचं एकही वाक्य नाही. मग हे तुम्ही ऐकलंत कुठे?"

मार्गदर्शक टेबलाकडे बघत राहिले. कुंडीही नव्हती समोर.

"हेडफोनवर," शेवटी ते म्हणाले. "बऱ्याच ऐकल्या होत्या. पण तसं सांगितलं असतं, तर सगळ्यांनी मलाच विचारलं असतं ना, मग आवाज गेला कुठे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि ती तर..."

व्याही तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलले. ते सभ्य नव्हतं.

"एक राहिलं," सर्व्हेयर म्हणाला. "दोन्ही पट्ट्यांचा जोर कधी अगदी सारखा नसतो. किंचित उरतंच. कोऱ्या फाइलीत काहीच उरणार नाही. काका, तिची एखादी फाइल जितकी वाढवता येईल तितकी वाढवा."

कुलूपकाकांनी आवाज टोकापर्यंत चढवला. आधी नुसती खरखर आली. मग तिच्या तळाशी एक म्हातारा माणूस काहीतरी आठवायचा प्रयत्न करताना ऐकू आला, आणि मग तरुण बाईचा आवाज. शब्द कळत नव्हते. कुणीतरी बोलतंय, एवढं नक्की कळत होतं.

बाई हलल्या नाहीत. अध्यक्षबाईंनी पेनाला टोपण लावलं. "पदवी कायम," त्या म्हणाल्या. मग मार्गदर्शकांकडे वळल्या. "तुम्ही थांबा."

*

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. व्याहींनी बाईंची पिशवी धरली.

"ताई, आता तरी रडून घ्या," ते म्हणाले.

"येत नाही हो." बाई रस्त्याकडे बघत होत्या. "तुम्हाला वाटलं असेल, आई आहे, पोरीवर विश्वास आहे, म्हणून धावतेय. नव्हता विश्वास. विद्यापीठाचं पत्र आलं ना, त्या दिवशी मला खरंच वाटलं ते. म्हटलं, दमली असेल, वेळ नसेल, केलं असेल. महिनाभर मी तिच्या फोटोकडे बघितलं नाही."

व्याहींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"माझी पोर, आणि मीच पहिली म्हटलं, केलं असेल." त्यांचा आवाज अजूनही माप सांगावं तसाच होता. "आता तिची माफी कशी मागायची, तेवढं सांगा."

नेहमी आधी उत्तर देणाऱ्या व्याहींनी सर्व्हेयरकडे बघितलं. बस येईपर्यंत दोघं त्यांच्या शेजारी उभे राहिले.