चौथं विमान

कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे. सांडोरला जाऊन विनयाच्या वाडीतल्या केळी ज्यांनी बघितल्या, त्यांना वाटणार नाही.

नाताळच्या आधीचा आठवडा होता. शेजारच्या आळीत कागदी चांदण्या लागल्या होत्या. दिवेलागणीला विनया गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती.

अचानक कावळे गप्प झाले.

मग रातकिडेही.

आणि मग... डोक्यावरून काहीतरी गेलं.

इतकं सुसाट, की दोरीवरचा लेकीचा, रेवाचा, फ्रॉक ताठ आडवा झाला. आवाज मागाहून आला. कानठळ्या बसवणारा.

"मुंबईला उतरणारं असेल गं," रुक्मिणीबाई, तिच्या सासूबाई, खालून म्हणाल्या.

मुंबईला उतरणारी विमानं विनया रोज बघायची. त्यांना दिवे असतात.

इथे दिवा नव्हता. आभाळात विमानही नव्हतं.

विनयाचा नवरा देवेंद्र हवाई दलात लढाऊ विमानं चालवायचा. सुट्टीवर आला की चार वर्षांच्या रेवाला याच गच्चीवर मांडीत घ्यायचा आणि तळहाताचं विमान करून दाखवायचा.

"चौघांनी मिळून जोरात यायचं, धावपट्टीच्या बरोब्बर वर. मग एकेकाने कलंडून वळायचं. पहिला गेला... दुसरा... तिसरा... आणि शेवटी बाबा! मग उलटं फिरायचं, वेग कमी करायचा, चाकं काढायची, पुन्हा वळायचं, की टेकलोच!"

"सरळ येऊन उतरायला काय होतं? रुबाब नुसता!" विनया चिडवायची.

"सावकाश आलं की शत्रूला नेम धरायला वेळ मिळतो, बाईसाहेब."

जूनमध्ये चौघं तसेच आले. तिघं उतरले. शेवटच्या वळणावर, चाकं काढलेली असताना, देवेंद्रचं विमान दगडासारखं खाली आलं.

घरी आलेली पेटी कुणी उघडू दिली नाही.

दुसऱ्या संध्याकाळी आवाज वरून गेला... आणि एकदम कलंडला. समुद्राकडे, पाचूबंदरच्या बाजूला.

त्याच्या पुढच्या संध्याकाळी तो समुद्रावरून उलटा फिरला. वाडीला समांतर. हळू होत गेला.

हे वळण विनयाच्या ओळखीचं होतं.

"बाबा आहे," रेवा वरणभात चिवडत म्हणाली. "शेवटच्या वळणावर मला उचलून घेणार आहे."

"कोण म्हणालं तुला?"

"तोच."

"कधी?"

"आत्ता."

विनयाने गच्चीच्या दाराला कुलूप घातलं. किल्ली कमरेला खोचली.

"माझा मुलगा घरी येतोय, आणि तू दार लावतेस?" रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"आई, तो गेलाय."

"तुझ्यासाठी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विनया भाकऱ्या थापत होती. बाहेरचा सगळा आवाज बंद झाला.

"रेवा?"

रेवा ओटीवर नव्हती. अंगणातही नव्हती.

कुलपाची दुसरी किल्ली सासूबाईंच्या कपाटात होती, हे विनयाला जिन्यावर धावताना आठवलं.

गच्चीचं दार सताड उघडं होतं. रुक्मिणीबाईंनी नातीला कठड्यावर उभं केलं होतं. एक हात तिच्या पाठीला. दुसऱ्या हातात पेटवलेला टॉर्च, आभाळाकडे धरलेला.

"आई! काय करताय?"

"त्याला लेक दिसायला नको?"

रेवाने दोन्ही हात वर केले होते. कडेवर घे म्हणताना करायची तसे.

वाडीच्या टोकाला केळीची पानं आडवी झाली. मग त्याच्या अलीकडची. मग त्याच्याही अलीकडची...

घराकडे.

चाकं निघाल्यासारखी घरघर. रॉकेलचा वास. आणि त्यात दुसराच एक वास, काहीतरी करपल्याचा.

रेवाच्या टाचा उचलल्या गेल्या.

मग बोटं.

रुक्मिणीबाईंचा हात तर केव्हाच खाली आला होता.

विनयाने झेप घेऊन लेकीच्या कमरेला मिठी मारली. वरून ओढ होती. पोर जड होत चालली होती, पण वरच्या बाजूला.

घरात देवेंद्र कुणाचं म्हणून ऐकायचा नाही. पण टॉवरवरून 'गो अराउंड' असा हुकूम आला, की जागा नाही, उतरू नकोस, तर टेकता टेकता वर जायचा. तिथे ऐकावंच लागतं, म्हणायचा.

"गो अराउंड!" विनया किंचाळली. "देवेंद्र, इथे जागा नाही! गो अराउंड!"

घरघर तिच्या डोक्यावर थांबली. श्वासभर.

मग आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला, आणि ते वर गेलं... वर... समुद्राकडे.

रेवा तिच्या अंगावर कोसळली. "बाबाला का घालवलंस? का घालवलंस?" म्हणत इवल्या मुठींनी तिला मारत राहिली.

सकाळी केळीच्या मधल्या ओळीच्या चिंध्या झालेल्या होत्या. कडा करपलेल्या. बाजूच्या ओळींना ओरखडा नाही.

त्यानंतर रुक्मिणीबाई सुनेशी एकदाच बोलल्या. जेवताना, ताटावरची नजर न काढता.

"त्याच्या टाकीत तेल किती उरलं होतं, ते तरी विचारायचंस."



तो लेकीला न्यायला आला होता, की दमून नुसता घरी उतरायला? विनयाला अजून कळलेलं नाही. कोणाला विचारणार?

रेवा मात्र विचारते. "बाबा उतरला का गं?"

"उतरला, सोन्या."

पण काही संध्याकाळी, अगदी लांब, समुद्रावर... बारीकसा आवाज येतो. गोल फिरत राहतो. जवळ येत नाही.

दर वेळी आधीपेक्षा क्षीण.

तेव्हा विनया स्वयंपाकघरात जाते आणि मिक्सर चालू करते.

भांडं रिकामंच असतं.